वस्तू क्रमांक एकतीस

भिंतींना म्हणे मेथी खाऊ घातली, गूळ, बेलफळाचा गर,
उडदाचं पीठ, डिंक.
बाळंतिणीचं करावं तसं सगळं केलं दोन वर्षं,
म्हणून हा चुना असा तुकतुकीत.
सांगणारा मुलगा कोवळा, गळ्यात ओळखपत्र,
मराठी बोलता बोलता हिंदीत घसरतो, आम्हा इंदूरकरांसारखाच.
"आजी, हात लावून बघा, थंड लागेल."
लागला.

रामबागेतून चालत आले, गुडघ्यांना न विचारता.
नाट्यगृह आमचं. म्हणजे संस्थेचं.
मधली वीस वर्षं कबुतरांचं.
आता फाटकावर झेंडूचं तोरण,
आत फलक : पूर्वी, नंतर. पूर्वी, नंतर.
छताच्या पहिल्या फोटोत पिंपळ आहे,
दुसऱ्यात नाही.
खांबाचे अकरा रंग खरवडून एका पट्टीवर मांडलेत :
सगळ्यात आत गेरू, मग पिस्ता, मग सरकारी पिवळा.
माझा बहुतेक सातवा, फिका आकाशी,
त्याला टेकून मी संवाद पाठ करायची.

शेवटच्या टेबलावर काच.
'रंगमंचाच्या फळ्यांखाली सापडलेल्या वस्तू.'
तिकिटांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा,
शेंगांची टरफलं, त्यांनाही क्रमांक,
खोट्या मिशीची एक बाजू,
आणि एकतीस :
कुडी, एक. सात मोत्यांची, एक मोती गहाळ.
काळ : बहुधा विसाव्या शतकाचा पूर्वार्ध.

आधी हसलेच मी.
अगं बाई, म्हणजे मी पूर्वार्धातली!
अडुसष्टचा मार्गशीर्ष होता, शनिवार.
दुसऱ्या अंकात दार लावून घेऊन मी रडते, तिथे
पदर कानाला अडकला आणि कान हलका झाला.
टाळ्या पडत होत्या.
फळ्यांत बोटभर फट होती, सगळ्यांना ठाऊक.

कुडी आईची. न विचारता घातलेली.
म्हणून रंगपटात मी म्हणाले, पेटीत ठेवली होती.
पेटी उघडी होती,
आणि खोलीत झाडू घेऊन केसरबाई.
एवढंच.
तिनं लुगड्याचा सोगा झटकून दाखवला,
कमरेची पिशवी उलटी केली :
दोन सुपाऱ्या, चुन्याची डबी.
चुन्याची डबी कुणीतरी उघडूनही पाहिली.

आडनाव तिचं कुणाला ठाऊक नव्हतं,
काढून टाकताना रजिस्टरात 'केसर, झाडूवाली' एवढंच लिहिलं.
नदीवरच्या पुलाकडे गेली ती, दिवेलागणीला.
झाडू दाराशी उभा करून गेली,
उभा ठेवू नये म्हणतात, तसा.

"ओळखीची आहे का वस्तू, आजी?"
"माझी आहे."
पुरावा मागणं त्याला जड गेलं.
मीच म्हटलं, जोडीची दुसरी घरी आहे, कापसात.
"आणा ना! जोडी लावू, खाली तुमचं नाव घालू.
सौजन्य, श्रीमती…"
सौजन्य!

फळ्या आता नव्या, सागाच्या, एकमेकींना इतक्या चिकटून
की टाचणी खाली जायची नाही.
मी वर चढलेच. कुणी अडवलं नाही.
रडायची जागा शोधली, सापडली,
समोर लाल खुर्च्या, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या.

दाराशी वही होती. रकाने : नाव, गाव, अभिप्राय.
आधीच्यानं लिहिलेलं, 'स्तुत्य उपक्रम. पार्किंग नाही.'
मी नाव लिहिलं. गाव, इंदूर.
मग लिहिलं,
'केसरबाईंनी कुडी घेतली नव्हती.'

मागे रांग. "हो गया, आंटी?"
पेन दोरीनं टेबलाला बांधलेलं, दोरी आखूड,
आणखी लिहायचं तर वाकावं लागतं.
वाकले.